जुन्या ४०७ ला बाहेरचं स्टेरिंग बसवायचंय? वेल्डिंग मारायच्या आधी हे वाच

काका म्हणून विचारलंस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. तुझा प्रश्न थोडक्यात असा की वडिलांची १९९७ ची टाटा ४०७ आहे, पॉवर स्टेरिंग नाही, मूळ स्टेरिंगचं प्लास्टिक उन्हानं तडकून हाताला टोचतंय, म्हणून तू ऑनलाईन १४ इंची स्पोर्टी स्टेरिंग मागवलंस, त्याच्यासोबत एक बॉस किट (स्टेरिंग आणि शाफ्टच्या मधला जोड) आलं ते शाफ्टवर, म्हणजे स्टेरिंगच्या खालच्या दांड्यावर, बसेना, आणि तुमच्याकडचा मिस्त्री म्हणतोय जुन्याचा मधला भाग कापून त्यावर नवीन वेल्ड करून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. करू का नको.

नको. आधी त्याला फोन करून नको म्हणून सांग आणि मग निवांत बाकीचं वाच.

मी कराडला स्टेरिंग बॉक्स (शाफ्टच्या खालचा गिअरचा डबा) आणि फ्रंट एक्सलचंच काम करतो, तीस वर्षं होत आली. ४०७ बाजारात आली १९८६ ला, म्हणजे मी शिकायला लागलो तेव्हा रस्त्यावर ह्याच गाड्या जास्त, डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान ह्या पण यायच्या गॅरेजला पण ४०७ सगळ्यांना पुरून उरली. त्याचा फायदा तुला असा की भंगार बाजारात हिचा पार्ट अजून मिळतो, आणि तोटा असा की इतक्या वर्षांत इतक्या जणांनी ह्या गाड्यांवर हात साफ केलाय की कुठली वस्तू कंपनीची आणि कुठली कुणाच्या डोक्यातनं निघालेली हे आधी ओळखायला लागतं.

पहिलं साईजचं बोलू, कारण खरी चूक तिथंच झालीय, बॉस किट नंतर. टेप घे आणि जुनं स्टेरिंग बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोज. समजा १८ इंच भरलं. आता तू १४ लावणार. स्टेरिंग म्हणजे शेवटी पानाच आहे, लांब पान्यानं नट झटकन सुटतो आणि आखूड पान्याला लटकावं लागतं, तसंच. १८ चं १४ केलंस की जिथं हाताला १० किलोचा जोर लागायचा तिथं जवळपास १३ किलोचा लागणार. ऐकायला तीनच किलो वाटतात, पण भरलेली गाडी घेऊन रात्री दोन वाजता वाशी मार्केटला गाळ्यावर लावताना, जागेवर उभ्या उभ्या चाकं फिरवायची वेळ आली की हे तीन किलो खांद्यात कळतात. जुन्या गाड्यांना एवढी मोठी स्टेरिंगं दिली ती काय शोभेला नाही दिली, पॉवर स्टेरिंग नसलेल्या गाडीचं पॉवर स्टेरिंग म्हणजे ते मोठं गोल. घाटात उलटा हिसका पण तसाच, पुढचं चाक खड्ड्यात आपटलं की झटका स्टेरिंगला येतो आणि लहान गोलावर तो हाताला जास्त लागतो, अंगठा आत अडकवून धरायची सवय असेल तर अंगठा दुखावतो, म्हणून जुने ड्रायव्हर बघ अंगठा कायम रिंगच्या वर ठेवतात, आत नाही.

अजून एक गंमत सांगतो, ही लोकांना हमखास फसवते. लहान स्टेरिंग लावलं की गिऱ्हाईक म्हणतं, काका प्ले कमी झाला बघा. काही कमी झालेला नसतो. प्ले म्हणजे चाकं न हलता स्टेरिंग जेवढं नुसतंच फिरतं ते, आणि तो अंशात असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९८ प्रमाणे स्टेरिंगला ३० अंशापेक्षा जास्त प्ले चालत नाही, तर १८ इंची रिंगवर ३० अंश म्हणजे कडेला साधारण १२ सेंटीमीटर आणि १४ इंचीवर साधारण ९. गाडी तेवढीच ढिली, हात कमी हलतोय एवढंच. आणि ३० अंश ही कायद्याची हद्द झाली, माझ्या हातून तेवढा प्ले ठेवून गाडी बाहेर जाणार नाही, १८ इंची रिंगच्या कडेला दोन इंचाच्या पुढं गेला की मी बॉक्स आणि बॉल जॉइंट बघायला लागतो.

म्हणून माझं म्हणणं, मॅन्युअल स्टेरिंगच्या गाडीला मूळ साईजपेक्षा फार तर एक इंच कमी, त्याखाली जायचं नाही. १४ इंची परत जात असेल तर परत कर, नसेल जात तर कुणा कारवाल्याला विकून टाक.

आता बॉस किट. हे किट बहुतेक करून कारसाठी बनतात. स्टेरिंगच्या बाजूला सहा बोल्टचं गोल असतं, त्यात पण दोन जाती, मोमो, स्पार्को, ओएमपी ह्यांचं ७० मिलीमीटर व्यासाचं आणि नार्डी, पर्सनल ह्यांचं ७४ मिलीचं. चार मिलीचा फरक डोळ्याला दिसत नाही, मग लोक भोकं कानशीनं ओवल करून बसवतात आणि ५ मिलीचे ते बारके स्क्रू भोकात हलत राहतात. हे झालं पुढच्या तोंडाचं. शाफ्टच्या बाजूला तर त्याहून मोठा घोळ. शाफ्टवर दाते असतात, दात्यांची संख्या, बाहेरचा व्यास आणि टेपर, म्हणजे शाफ्ट टोकाकडं निमुळता, असेल तर टेपरचा उतार, तिन्ही गोष्टी जुळल्या तरच बसलं म्हणायचं. दोन जुळल्या आणि तिसरी नाही असं किट अर्धवट चढतं आणि हातोडीनं ठोकलं की पूर्ण पण चढतं! तीच भीती आहे. शाफ्ट पोलादी, किट ॲल्युमिनियमचं, ठोकलं की शाफ्टचे दाते ॲल्युमिनियममध्ये स्वतःची वाट कापून घेतात, पहिल्या दिवशी एकदम टाईट वाटतं, आणि महिनाभरात ती कापलेली वाट रुंद होते. तुझं चढलंच नाही हे देवानं केलं समज.

दाते मोजायचे कसे, तर एका दातावर पांढऱ्या मार्करनं ठिपका द्यायचा आणि तिथनं दाभणानं एकेक दात मोजत परत ठिपक्यावर यायचं, दोनदा मोजायचं आणि दोन्ही वेळेला आकडा एकच आला पाहिजे. टेपर बघायला शाफ्टवर उभ्या चार रेघा मार्करनं मारायच्या, बॉस हातानं दाबून थोडा फिरवायचा आणि काढून बघायचं. रेघा वरपासून खालपर्यंत सारख्या पुसल्या असतील तर टेपर जुळतोय. फक्त वरच्या टोकाला किंवा फक्त खाली पुसल्या तर नाही जुळत, मग नट कितीही आवळ, तो बॉस एका बारीक रेघेवर उभा आहे.

वेल्डिंगबद्दल. चार-पाच वर्षांपूर्वी एक गाडी आली, ४०७ नव्हती पण त्याच वजनाची, तक्रार अशी की वळताना कट-कट वाजतंय, बॉक्स गेलाय बहुतेक, खोला. मी बॉक्स खोलायच्या आधी नेहमी स्टेरिंग दोन्ही हातानं धरून पुढं-मागं ओढून बघतो, तर ते कॉलमसकट न हलता नुसतं वरचं गोल हललं. हॉर्नचं झाकण काढलं. आत वेल्डिंगचा टाका सगळीकडनं गोल मारलेला, दिसायला चांगला, आणि त्याच्या कडेनं केसासारखी एक रेघ अर्ध्याच्या पुढं गेलेली. पुसून बघितलं तर रेघेच्या आत तांबडा गंज. ताज्या तुटीत गंज नसतो, धातू चमकतो, म्हणजे ही तड काही आठवड्यांची जुनी होती आणि तेवढे दिवस मालक तीच गाडी घेऊन कोकणात खाली उतरत होता आणि वर येत होता. अर्ध्या इंचाच्या टाक्यावर सगळी गाडी. जुन्या स्टेरिंगचा मधला गोळा कुठल्या धातूचा आहे हे वेल्डिंगवाल्याला माहीत नसतं, बिडाचा निघाला तर टाक्याच्या शेजारी तडकतो, आणि टाका गरम असताना गोळा जरा वाकडा झाला तर स्टेरिंग फिरवताना लहर मारतं ते वेगळंच.

मग करायचं काय, तर माझ्या हिशोबानं तुला नवीन स्टेरिंगची गरजच नाही. तू म्हणतोस प्लास्टिक तडकलंय. आतला लोखंडी गज बघ. तडा रुंद करून बघायचा, गज शाबूत आहे का, आऱ्या जिथं रिंगला मिळतात तिथं गंजून बारीक झाल्या नाहीत ना. शाबूत असेल तर तडांमध्ये जुनं भुसभुशीत झालेलं प्लास्टिक खरवडून काढ, पेट्रोलच्या फडक्यानं तेलकटपणा घालव, एम-सील किंवा अराल्डाईट भर, एक रात्र जाऊ दे, दुसऱ्या दिवशी ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घास, मग १८० नं. त्याच्यावर सीट कव्हर शिवणाऱ्याकडनं रेक्झिन किंवा चामडं घट्ट शिवून घे, सुई-दोऱ्यानं जागेवर शिवलेलं, ते बाजारात मिळणारं नुसतं चढवायचं कव्हर नको. ते सैल पडतं आणि वळणात हात फिरतो पण स्टेरिंग फिरत नाही. गोंडे-बिंडे लावायची हौस असेल तर आरशाला लाव.

गज गंजलाय म्हणालास तर दुसरा रस्ता, त्याच जातीच्या गाडीचं चांगलं जुनं स्टेरिंग भंगारातनं आणायचं. पण सगळ्या वर्षांच्या ४०७ ची स्टेरिंगं एकमेकांना बसतात असं धरून चालू नको, आपलं काढलेलं स्टेरिंग पिशवीत घालून घेऊन जा आणि तिथंच दाते मोज, दोन्ही पालथी ठेवून उंची मोज. उंची कमी-जास्त झाली तर इंडिकेटरची दांडी बोटाला लांब पडते नाहीतर रिंग दांडीला घासते.

आणि काहीही झालं तरी मला बाहेरचंच लावायचंय, कॅम्पर करायचीय, फोटोत चांगलं दिसलं पाहिजे, असं असेल तर तिसरा रस्ता, थोडा खर्चाचा. साईज मुळाजवळची घे, आणि बॉस बनवून घे. एमआयडीसीत, शिरोलीला म्हण, भोसरीला म्हण, टर्नर आणि वायरकटवाले (तारेनं धातू कापणारे) बसलेत, त्यांना नमुना म्हणून जुनं स्टेरिंग दे, ईएन ८ जातीच्या पोलादी गजातनं एकसंध बॉस टर्न करून त्यात आतले दाते पाडून घे आणि पुढच्या तोंडाला तुझ्या स्टेरिंगच्या मापाची सहा भोकं आट्यांसकट. एकसंध म्हणजे एकसंध, दोन तुकडे जोडून नको. तुझ्या गावच्या लेथवाल्याला आतले दाते जमणार नाहीत, तो जमवतो म्हणाला तरी नको. आणि असल्या बाजारू स्टेरिंगच्या आऱ्या बघून घे, बसवायच्या आधी रिंग गुडघ्यावर धरून दोन्ही हातानं जोर लावून वाकव, पत्र्यासारखी लवत असेल तर ती कारच्या हलक्या पॉवर स्टेरिंगसाठी आहे. आपला ड्रायव्हर वळणात स्टेरिंगला अंगानं लटकतो.

आता काढायचं कसं. तुझं निघालंय, पण पुढं परत काढायची वेळ आली तर हे लक्षात ठेव. बॅटरीची निगेटिव्ह काढ पहिली, नाहीतर हॉर्नचं झाकण उघडल्यावर सगळ्या आळीला कळतं. पुढची चाकं सरळ कर, गाडी सपाट जागेवर. हॉर्नचं झाकण काढ, स्प्रिंग आणि पितळी चकती कशी बसली होती त्याचा मोबाईलवर फोटो काढ, हा फोटो तुला संध्याकाळी लागणार आहे. मधल्या नटाच्या शेजारी शाफ्टवर आणि बॉसवर मिळून सेंटर पंचनं एक खूण मार. बॉक्स पान्यानं नट ढिला कर पण काढू नको! तीन-चार आट्यांवर राहू दे. मग पुलर (स्टेरिंग ओढून काढायचं हत्यार) लाव.

हा नट का ठेवायचा ते मी दात पाडून शिकलोय. शिकाऊ होतो, पुलर उस्तादच्या दुसऱ्या गाडीवर अडकलेला, मी म्हटलं कशाला थांबायचं, नट पूर्ण काढला, दोन्ही हात रिंगच्या मागं घालून छातीकडं ओढायला लागलो, एक हिसका, दोन हिसके, काही नाही, तिसऱ्याला टेपर सुटला आणि सगळं स्टेरिंग तोंडावर आलं. समोरच्या दाताचा एक कोपरा अजून नाही. उस्तादनं आधी शाफ्टचे आटे तपासले, मग माझं तोंड. आणि समोरनं शाफ्टच्या टोकावर हातोडी मारायचं तर मनात पण आणू नको, टोक पसरतं, नट परत चढत नाही, आणि तो घाव खाली बॉक्सच्या बेअरिंगपर्यंत जातो. पुलर लावून ताण दे, ताणावर ठेव, बॉसच्या कडेला लाकडी ठोकळ्यावरनं हलकी टिचकी दे, जुनं असेल तर आदल्या रात्री दात्यांवर थोडं डिझेल सोडून ठेव. सुटताना ठक् असा एक आवाज येतो.

परत बसवताना सगळ्यात जास्त लोक चुकतात ते सरळ करण्यात. स्टेरिंग एका दातानं सरकवायचं म्हणजे किती, तर ३६ दाते असतील तर एक दात १० अंशाचा, म्हणजे वाकडं दिसतंय म्हणून दात बदललास तर कदाचित उलट्या बाजूला वाकडं दिसेल. मग लोक ड्रॅग लिंक, म्हणजे बॉक्सकडनं चाकाकडं जाणारा दांडा, फिरवून चाकं स्टेरिंगला जुळवतात. इथं थांब. स्टेरिंग बॉक्स मधोमध सगळ्यात टाईट असतो, तो तसाच बनवलेला असतो, दोन्ही टोकांकडं जाताना ढिला होतो, कारण गाडी ९० टक्के वेळ सरळच चालते. तो टाईट बिंदू आणि चाकं सरळ, हे दोन्ही एकाच वेळी जुळलं पाहिजे. नुसतं स्टेरिंग सरळ दिसावं म्हणून ड्रॅग लिंक लांब-आखूड केलीस तर गाडी सरळ चालताना बॉक्सच्या ढिल्या भागात चालते, मग स्टेरिंग हातात तरंगतं आणि मालक म्हणतो नवीन स्टेरिंग लावल्यापासनं गाडी पळते.

म्हणून क्रम असा. पुढचा एक्सल जॅकवर उचल, खाली घोडे (स्टँड) लाव, नुसत्या जॅकवर नको. ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मकडनं, म्हणजे बॉक्समधनं निघालेल्या आर्मच्या बाजूनं, सोड. आता स्टेरिंग एका बाजूला अलगद टेकेपर्यंत फिरव, तिथनं दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोज, चिंध्याची पट्टी रिंगला बांधली की फेरे चुकत नाहीत. त्याच्या बरोबर अर्ध्यावर ये. हा बॉक्सचा मध्य. इथं बॉस अशा दातावर बसव की स्टेरिंग सरळ दिसेल, मग चाकं सरळ करून लिंक त्या जागेला जुळते का बघ, जुळत नसेल तर तेवढीच लिंक ॲडजस्ट कर. टाय रॉडला हात लावू नको, तो दोन चाकांमधल्या टो-इनचा, म्हणजे चाकं पुढून किंचित आत वळलेली ठेवायचा, आहे, स्टेरिंग सरळ करायला टाय रॉड फिरवला की महिन्यात पुढचे टायर एका कडेनं खाल्लेले दिसतात. एक्सल वर आहेच तर किंग पिनला (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ) पण ग्रीस मार, जुनं काळं बाहेर पडून नवीन दिसेपर्यंत. कित्येक वेळा माणूस स्टेरिंग जड आहे म्हणून येतो आणि पंधरा मिनिटं ग्रीस गन चालवली की हसत जातो.

नट नवीनच घाल, सेल्फ लॉकिंग असेल तर जुना परत वापरायचा नसतो. नट पूर्ण बसल्यावर त्याच्या बाहेर एक-दोन आटे दिसले पाहिजेत, आणि नट बॉसला दाबतोय की शाफ्टच्या आटे नसलेल्या भागावर अडकून उगाच टाईट वाटतोय हे वॉशर हलवून बघायचं. वॉशर फिरला म्हणजे बॉस मोकळा आहे. टॉर्क कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे, टॉर्क रेंच नसेल तर कुणाकडनं तरी आण, ह्या एका नटाला अंदाज चालत नाही.

हॉर्नचं सोपं आहे पण लोक सगळ्यात जास्त इथंच रडतात. बटन दाबलं की वायर बॉडीला लागते, रिले ओढला जातो, हॉर्न वाजतो, एवढंच. बाहेरच्या बॉसला मागच्या बाजूला पितळी रिंग नसेल तर कॉलमवरच्या स्प्रिंगच्या पिनला टेकायला काही नाही, मग हॉर्न मुका. रिंग बॉसला चिकटून बसली, मध्ये फायबरचा वॉशर नाही, तर बॅटरी जोडल्या जोडल्या हॉर्न चालू तो बंदच होत नाही. टेस्ट लॅम्पची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी बॉसला लावून बघ, दिवा पेटला पाहिजे, मग शाफ्टला अर्थिंग आहे. वळल्यावर इंडिकेटर आपोआप बंद करणारी खुंटी जुन्या बॉसच्या मागं असेल तर नवीनला पण लागणार, नाहीतर इंडिकेटर हातानं बंद करायची सवय लाव. गाडीच्या मागं हॉर्न ओके प्लीज लिहायला महाराष्ट्रात २०१५ पासनं बंदी आली, पण हॉर्न पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) बघतातच, आणि तुझी गाडी आठ वर्षांच्या पुढची म्हणजे पासिंग दरवर्षी.

सगळं झालं की गाडी घोड्यावर असतानाच फुल लॉक ते फुल लॉक पाच वेळा फिरव, हॉर्न दाबून धरून फिरव, मध्येच तुटत असेल तर रिंग वाकडी आहे. खाली उतरवल्यावर मोकळ्या मैदानात, रिकामी गाडी, २० च्या स्पीडनं. दोन्हीकडं वळवून सोडून बघ स्टेरिंग स्वतः परत येतंय का. मग ५० किलोमीटर चालवून परत झाकण उघड आणि नट तपास, टेपर पहिल्या चालीत अजून थोडा बसतो, मी गिऱ्हाईकाला दुसऱ्या दिवशी परत बोलावतोच आणि दहातल्या दोन-तीन गाड्यांना नट पाव फेरा तरी घेतो.

जुनं स्टेरिंग भंगारात देऊ नको, पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाक. आणि वेल्डिंगवाल्यानं ते कापायच्या आत त्याच्याकडनं आण म्हणजे झालं, तू लिहिलंयस ते त्याच्याच दुकानात पडलंय म्हणून.